छापण्यापूर्वीची कसोटी
संशोधन-प्रकाशनाची वाट : सुरतेच्या अनुभवातून काही विचार

पाळकाच्या मेजावर नाना प्रकारचा छापील मजकूर येऊन पडतो. एखादा टीकाग्रंथ, एखाद्या विद्यापीठीय नियतकालिकातील निबंध, वर्तमानपत्राचे कात्रण आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर कोणी पाठविलेले पान. ‘अमुक संशोधनाने असे सिद्ध झाले आहे’ हे वाक्य त्यांत आढळले की ते उचलून व्यासपीठावरून सांगण्याचा मोह होतो. मंडळीतील साधा मनुष्य ते ऐकतो आणि पाळकांनी सांगितले म्हणून खरे मानतो. ते संशोधन कोणी तपासले, कोणत्या वाटेने ते छापखान्यापर्यंत पोहोचले, हे विचारण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ते साधन आपल्यापाशी असावयास हवे. नसेल, तर आपण ज्याची परीक्षा केली नाही असा माल आपल्या नावावर खपवितो, असेच म्हणावे लागेल.

यास्तव प्रस्तुत लेखात आम्ही तीन प्रश्नांचा विचार योजिला आहे. संशोधकाचे लिखाण छापून येते ते कोणत्या मार्गाने? त्या मार्गाविषयी खुद्द संशोधकांना काय वाटते? आणि पाळक व धर्मशिक्षक यांनी त्यापासून काय घ्यावे? विवेचन अधांतरी राहू नये म्हणून आम्ही एका शहराचा आधार घेतला आहे. ते शहर म्हणजे सुरत. खानदेशातून पोटासाठी तेथे गेलेल्या असंख्य कुटुंबांमुळे हे शहर मराठी वाचकाला परके नाही. आणि लिहिणे, तपासणे व छापणे यांचे जे प्रश्न आज संशोधकांपुढे आहेत, ते जवळजवळ सर्व या एका शहराच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

१. सुरतेतील जुने धडे

लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फाइव्ही हे १८१५च्या सुमारास सुरतेस आले. त्यांनी गुजराती भाषांतराचे काम हाती घेतले, छापखाना उभारला आणि १८२०च्या दशकाच्या आरंभी पवित्र शास्त्राचे गुजराती भाषांतर सुरतेत छापून निघाले. परंतु ते छापून झाले म्हणून पुरे झाले, असे कोणी मानले नाही. पुढील पिढीतील आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनरींनी त्या भाषांतराची सुधारणा केली. भाषांतरकारांच्या कष्टांचा यात अवमान नव्हता. भाषा बोलणाऱ्यांच्या कानाला जे खटकले, ते दुरुस्त करणे हा कामाचाच एक भाग होता. भाषांतराचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की पहिली छापील आवृत्ती ही बहुधा सर्वात मोठी परीक्षा असते; कारण तेव्हा प्रथमच अपरिचित वाचक चुका शोधू लागतो.

दुसरा धडा एका मराठी विद्वानाचा आहे. ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे १८४०च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण त्यापूर्वीच, १८३६मध्ये, प्रसिद्ध झाले होते. सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी पडली. दुर्गाराम व त्यांचे मित्र यांनी शिळाछापाचे यंत्र मिळवून पुस्तकप्रसाराचा उद्योग आरंभिला होता. या मंडळींनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापिली. जातिभेद, मूर्तिपूजा, मंत्रतंत्र, विधवांची स्थिती अशा विषयांवर सभेत चर्चा चाले. दुर्गारामांनी त्या चर्चेची टिपणे ठेविली आणि महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९मध्ये लिहिलेल्या दुर्गाराम-चरित्रात त्यांचा उपयोग केला. आज त्या सभेविषयी अभ्यासकांना जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे या टिपणांमुळे ठाऊक आहे. कोणी लिहून ठेविले नसते, तर सभा झाली एवढेच कदाचित उरले असते.

दादोबांच्या आयुष्यात प्रकाशनाच्या प्रश्नाची दोन्ही अंगे दिसतात. त्यांचे व्याकरण उघडपणे, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाले, आणि त्यावर तितकीच उघड टीका झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘मराठी शाळापत्रका’तून व्याकरणावर जे निबंध लिहिले, त्यांत दादोबांच्या मतांची कठोर तपासणी आहे. दादोबा स्वतःही आपले व्याकरण आवृत्तीगणिक सुधारीत राहिले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी त्याला पूरणिका जोडली. एका ग्रंथावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे काम करणे, हे ज्यास साधले त्यास संशोधक म्हणावे. परंतु याच दादोबांनी १८४३मध्ये, म्हणजे सुरतेत असतानाच, लिहिलेले ‘धर्मविवेचन’ तब्बल पंचवीस वर्षे अप्रकाशित राहिले; ते १८६८मध्ये छापले गेले, तेही लेखकाचे खरे नाव न घालता. विषय धर्माचा होता आणि समाजाचा रोष ओढवण्याची भीती होती. व्याकरणातील चूक दाखविली गेली तर मनुष्य दुरुस्त करतो. मताबद्दल बहिष्काराची भीती असेल तर तो हस्तलिखित पेटीत ठेवतो. छापण्यापूर्वी होणारी परीक्षा कोणत्या भावनेने केली जाते, यावर पुढे काय छापले जाईल हे अवलंबून असते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरते.

२. आजची वाट कशी आहे

आज एखाद्या विद्यापीठातील संशोधक निबंध लिहितो, तेव्हा तो निबंध आपल्या विषयाच्या नियतकालिकाच्या संपादकाकडे पाठवितो. संपादक प्रथम पाहतो की विषय आपल्या कक्षेत बसतो की नाही आणि लिखाण किमान दर्जाचे आहे की नाही. पुष्कळसे निबंध या पहिल्या पायरीवरच परत जातात. जे राहतात ते संपादक त्याच विषयातील दोन किंवा तीन जाणकारांकडे पाठवितो. यास आम्ही येथे तज्ज्ञ-परीक्षण म्हणू. परीक्षकास बहुधा मोबदला मिळत नाही. तो हे काम आपल्या विद्येचे ऋण म्हणून करतो. परीक्षक कोण हे लेखकास सहसा कळत नाही. कित्येक ठिकाणी लेखक कोण हेही परीक्षकापासून झाकून ठेविले जाते.

परीक्षक तीन गोष्टी तपासतो. प्रश्न नीट मांडला आहे काय? जो पुरावा दिला आहे तो निष्कर्षाचा भार सोसतो काय? आणि या विषयावर पूर्वी झालेले काम लेखकाने वाचले आहे काय? त्याच्या अभिप्रायावरून संपादक निबंध नाकारतो, स्वीकारतो, किंवा बहुधा सुधारणेसाठी परत पाठवितो. लेखक प्रत्येक आक्षेपाचे उत्तर लिहून सुधारलेली प्रत पाठवितो. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर निबंध स्वीकारला गेला, तर भाषेची तपासणी, मुद्रितशोधन आणि मग प्रकाशन, असा क्रम असतो. यात सहा महिने जाणे सामान्य आहे; वर्ष-दीड वर्ष जाणेही नवल नाही.

ही पद्धत पुष्कळांस वाटते तितकी प्राचीन नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५मध्ये सुरू झाले. परंतु तज्ज्ञांकडून लेखी अभिप्राय मागविण्याची रीत त्या संस्थेत १८३०च्या दशकात रूढ होऊ लागली. ‘नेचर’सारख्या विख्यात साप्ताहिकाने तर १९७३मध्येच बाहेरील परीक्षण सर्व निबंधांस लागू केले. म्हणून परीक्षण झाले म्हणजे ते वाक्य अढळ झाले, असे समजू नये. माणसांनी उभारलेली ही चाळणी आहे. तिची छिद्रे लहान-मोठी असतात.

चाळणीतून खडा निसटतो याचे एक दुःखद उदाहरण सर्वांनी जाणून घ्यावे. १९९८मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला एक निबंध छापला गेला. त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला होता. २०१०मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत कित्येक देशांतील आईबापांनी भयाने मुलांना लस टोचून घेतली नाही. निबंध मागे घेतला गेला. अफवा मात्र अजून फिरते आहे. लसीविषयी मंडळीत बोलण्याचा प्रसंग आल्यास पाळकाने हा इतिहास सांगावा.

३. संशोधकांची गाऱ्हाणी

आता या वाटेने चालणाऱ्यांना काय वाटते ते पाहू. त्यांची पहिली तक्रार विलंबाची. या तक्रारीचे सर्वात बोलके उदाहरण सुरतेतच आहे.

सप्टेंबर १९९४च्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेच्या रुग्णालयांत तापाने व श्वासाच्या विकाराने रोगी झपाट्याने दगावू लागले. फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. खानदेशातील गावोगाव सुरतेहून परतलेली कुटुंबे पोहोचली. त्याच सुमारास आपल्याकडे बीड जिल्ह्यातही गाठीच्या प्लेगची लक्षणे आढळल्याने भयात भर पडली. परंतु सुरतेचा रोग खरोखर प्लेगच होता काय, यावर तज्ज्ञांतच मतभेद होते. शासनाने नामवंत वैद्यकशास्त्रज्ञ डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक समिती नेमली. वाद तरीही चालूच राहिला.

या घटनेविषयीचे लिखाण कोणत्या क्रमाने प्रकाशात आले ते पाहा. पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. त्यांत खऱ्याबरोबर खोटेही होते. ऑक्टोबर १९९४मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुरतेच्या सामाजिक अध्ययन केंद्रातील प्रा. घनश्याम शाह यांचा लेख आला. शहराची अर्थव्यवस्था व नगरव्यवस्था यांची परवड त्यात मांडली होती. १९९७मध्ये शाह यांनी याच विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा, जंतूच्या जनुकीय तपासणीवर आधारलेला आणि तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखविणारा निबंध छापून आला २०००मध्ये. घटनेला तोवर सहा वर्षे झाली होती.

म्हणजे ज्या आठवड्यात माणसाला उत्तर हवे होते, त्या आठवड्यात उत्तर नव्हते. होत्या त्या बातम्या. जेव्हा खात्रीचे उत्तर आले, तेव्हा विचारणारा आपल्या कामाला लागला होता. विलंबाविषयी संशोधक चिडतात ते उगीच नव्हे. तथापि याच क्रमाची दुसरी बाजूही आहे. घाईने लिहिलेले पुष्कळ कागद आज कोणी वाचीत नाही; शाह यांचा ग्रंथ आणि हैदराबादचा निबंध मात्र अजून अभ्यासिले जातात. बातमी, साप्ताहिकातील लेख, ग्रंथ आणि प्रयोगशाळेतील निबंध या चारींचे काम निरनिराळे आहे. एकाचे काम दुसऱ्याकडून मागितले की गोंधळ होतो. संकटाच्या पहिल्या आठवड्यात ‘अजून खात्री नाही, पण सावधगिरी म्हणून एवढे करा’ असे म्हणणारा पाळक सत्याला धरून असतो. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे म्हणणारा नसतो.

दुसरी तक्रार अनामतेची. अज्ञात परीक्षक कधी कठोर, कधी निष्काळजी, कधी मत्सरीही असतो. आणि नाव झाकलेले असल्यामुळे त्यास जाब विचारता येत नाही. थोर माणसांनाही हे सहन झालेले नाही. १९३६मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध पाठविला, गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असे त्यात प्रतिपादिले होते. संपादकाने तो एका परीक्षकाकडे पाठविला आणि परीक्षकाने त्यातील दोष दाखविला. आपले लिखाण न विचारता दुसऱ्याला दाखविले म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी निबंध मागे घेतला. परंतु पुढील वर्षी तो अन्यत्र छापला गेला तेव्हा त्यातील निष्कर्ष बदललेला होता. परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. २०१५मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. आइन्स्टाइनसारख्याला अज्ञात परीक्षकाने एका मोठ्या चुकीपासून वाचविले, ही गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाने मनाशी बाळगण्यासारखी आहे. दुरुस्ती झोंबते आणि तरीही ती खरी असू शकते.

तिसरी तक्रार पैशाची. हीही सुरतेला नवी नाही. सुरतेचे सुपुत्र कवी नर्मद (१८३३–१८८६) यांनी शाळेतील नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा निश्चय केला आणि गुजराती भाषेचा ‘नर्मकोश’ एकट्याच्या बळावर रचला. तो १८७३मध्ये संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. पाठीशी संस्था नाही, डोक्यावर कर्ज, आणि हाती सुमारे पंचवीस हजार शब्दांचे काम. सुरतेच्या विद्यापीठास आज वीर नर्मदांचे नाव आहे हे योग्यच झाले. आजच्या संशोधकापुढे छपाईचा खर्च वेगळ्या रूपाने येतो. काही नियतकालिके वाचकाकडून जबर वर्गणी घेतात. काही वाचकास मोफत देतात, पण लेखकाकडून प्रकाशनशुल्क घेतात, आणि ते कित्येक वेळा लेखकाच्या महिन्याच्या पगाराहून अधिक असते. लेखन लेखकाचे, परीक्षण फुकट, आणि पैसा प्रकाशकाचा, असे संशोधक उद्वेगाने म्हणतात, त्यात तथ्य आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील सुमारे ६,३०० संस्थांना मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके वाचावयास मिळावीत, असा तिचा हेतू आहे. सरकारी व्यवस्थापनाखाली नसलेली धर्मविद्यालये या टप्प्यात येत नाहीत. म्हणून आपल्या भागातील सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी परिचय ठेवणे अगत्याचे आहे.

चौथी तक्रार भाषेची, आणि ती आम्हांस सर्वात जवळची वाटते. दक्षिण गुजरातेतील भूमिहीन मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून केला. त्यांचे ग्रंथ जगभर वाचले जातात. परंतु ते इंग्रजीत आहेत, आणि ज्या मजुरांविषयी ते आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत. यावर उपाय म्हणून काही संस्थांनी देशी भाषेचा मार्ग धरला. प्रा. आय. पी. देसाई यांनी १९६९मध्ये स्थापिलेल्या सुरतेच्या सामाजिक अध्ययन केंद्राने ‘अर्थात्’ हे समाजशास्त्राचे गुजराती त्रैमासिक सुरू केले. अशा नियतकालिकात लिहिणाऱ्याला नोकरीतील बढतीसाठी इंग्रजी निबंधाइतके श्रेय मिळत नाही, ही संशोधकांची खंत आहे. मराठीतही तेच आहे. परिणाम असा की ज्ञान एका भाषेत जमते आणि ज्यांचे जीवन त्या ज्ञानाचा विषय आहे ते दुसऱ्या भाषेत जगतात.

४. परीक्षेवाचून छापणारे

जेथे वाट कठीण असते तेथे आडवाट दाखविणारे भेटतातच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांसाठी छापील निबंधांना गुण लावले. हेतू चांगला होता. पण गुण मोजले जाऊ लागताच पैसे घेऊन चार दिवसांत वाटेल ते छापणारी नियतकालिके उगवली. नाव भारदस्त, संपादकमंडळात थोरांची नावे, त्यांपैकी काहींना त्याची वार्ताही नाही, आणि परीक्षण नावापुरतेही नाही. अशांस आम्ही लुबाडू नियतकालिके म्हणू. २०१८मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत आलेल्या व त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के कमी दर्जाची असल्याचे दिसून आले. पुढे २०१९पासून आयोगाने विश्वसनीय नियतकालिकांची वेगळी यादी ठेविली. तीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली. तत्पूर्वी २०२२च्या नियमांनी, प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही अट काढून टाकली होती.

यातून उघड होते ते असे : अधिकृत यादी आपल्या विवेकाचे काम करू शकत नाही. लुबाडू नियतकालिकात छापणारा प्रत्येक जण लबाड असतो असेही नव्हे. कित्येक तरुण अध्यापक, ज्यांना कोणी मार्ग दाखविला नाही, ते फसतात. आणि एकदा नाव तेथे छापले गेले की ते पुसता येत नाही. ही फसवणूक आता धर्मविद्येच्या क्षेत्रातही शिरू पाहते. ‘आपला उपदेश आमच्या आंतरराष्ट्रीय पत्रिकेत छापू, शुल्क एवढे’ असे पत्र कोणास आले, तर उत्तर देण्यापूर्वी एखाद्या जाणत्यास ते दाखवावे.

५. आपण काय करावे

प्रथम वाचनाविषयी. संशोधनाचा हवाला देण्यापूर्वी पाळकाने स्वतःस पाच प्रश्न विचारावेत. हे मुळात कोठे छापले गेले? छापण्यापूर्वी कोणी जाणत्याने ते तपासले काय? किती माणसांच्या, किती ठिकाणच्या पुराव्यावर ते उभे आहे? नंतर कोणी त्यास दुजोरा दिला, किंवा ते मागे घेतले गेले काय? आणि लेखकाने स्वतः किती दावा केला आहे? अखेरचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण चांगला संशोधक ‘असे दिसते’ म्हणतो आणि आपण व्यासपीठावर त्याचे ‘असेच आहे’ करून टाकतो. पौलाचे वचन ऐकूनही ते शास्त्रात पडताळून पाहणाऱ्या बिरुयाच्या लोकांची प्रशंसा प्रेषितांच्या पुस्तकात आहे. पडताळणे म्हणजे अविश्वास नव्हे, एवढे त्यावरून आपण शिकलो आहोत.

दुसरे, लेखनाविषयी. धर्मशिक्षक बंधुभगिनींना आम्ही विशेष आग्रहाने सांगू इच्छितो की आपल्यापाशी जे आहे ते कोणत्याही विद्यापीठापाशी नाही. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, भिलोरी व अन्य बोलींतील गीते, कोणते कुटुंब कोणत्या साली सुरतेस गेले आणि का परतले याची आठवण, हे सर्व इतिहासाचे साधन आहे. नोंदवह्यांना वाळवी लागते आणि आठवणी माणसाबरोबर जातात. १९९४च्या त्या सप्टेंबरात सुरतेहून परतलेल्यांना कोणत्या गावाने घरात घेतले, कोणी वेशीबाहेर ठेवले, कोणी जेवण पोहोचविले, हे ज्यांनी पाहिले त्यांपैकी अनेक आज वृद्ध झाले आहेत. वैद्यांनी रोगाचे लिहिले, समाजशास्त्रज्ञांनी शहराचे लिहिले; आपल्या गावांचे कोणी लिहावे? दुर्गारामांनी टिपणे ठेविली नसती, तर मानवधर्म सभेचे काय उरले असते, याचा विचार करावा.

लिहिण्याची रीत साधी आहे. जे स्वतः पाहिले ते वेगळे लिहावे, जे ऐकले ते कोणाकडून व केव्हा ऐकले ते लिहावे, आणि जो तर्क आहे त्यास तर्क म्हणावे. तारीख व गाव अवश्य घालावे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांची अनुमती घ्यावी, आणि ज्याने त्यांची बेअब्रू होईल ते नाव झाकावे. लिखाण पुरे झाले की छापण्यास देण्यापूर्वी दोघांना दाखवावे : एक विषय जाणणारा, आणि दुसरा त्या गावचा. पहिला पुराव्यातील चूक दाखवील, दुसरा जीवनातील.

तिसरे, परीक्षकाच्या वृत्तीविषयी. आपल्यांपैकी जे वडीलधारे आहेत, धर्मविद्यालयांत शिकवितात, त्यांच्याकडे तरुणांचे लिखाण तपासण्यास येते. ते महिनोन्‌महिने पडून राहते, किंवा दोन ओळींच्या तुच्छतेसह परत जाते, आणि तो तरुण पुन्हा लेखणी उचलीत नाही. संशोधकांची सर्व गाऱ्हाणी आपण वर ऐकली. त्यांतील विलंबाचे व कठोरपणाचे गाऱ्हाणे दूर करणे तरी आपल्याच हाती आहे. चूक स्पष्ट सांगावी, तिचे कारण सांगावे, आणि दुरुस्तीची वाट दाखवावी. ‘धर्मविवेचन’ पंचवीस वर्षे पेटीत का राहिले, हे तपासणाऱ्याने विसरू नये. मत न पटल्यास त्याचे खंडन करावे. लिहिणाऱ्याला घाबरवू नये.

एवंच, छापलेले आहे म्हणून खरे, हा भाबडेपणा जसा टाळावा, तसाच ‘सर्व संशोधन विकत मिळते’ हा कडवटपणाही टाळावा. माणसाच्या चुका माणसांनीच, वेळ देऊन, एकमेकांसाठी दुरुस्त कराव्यात, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ आहे. ती वाट संथ आहे आणि तिच्यावर अन्यायही होतो. परंतु चाळीस-पंचेचाळीस वर्षे आपले व्याकरण दुरुस्त करीत बसलेले दादोबा त्या वाटेने गेले, म्हणूनच त्यांचा ग्रंथ टिकला. या पावसाळ्यात ज्यांच्या हाती थोडी सवड असेल त्यांनी आपल्या मंडळीची जुनी नोंदवही उघडावी, तिची स्वच्छ नक्कल करावी, आणि तिच्यातील एका तरी वर्षाची हकिकत लिहून कोणा जाणत्याकडे तपासण्यास पाठवावी.